पंप खोलण्याआधी टाकीकडे चला

(मुलचेरा येथे जमलेल्या शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



धानाच्या भावावर आधीच्या वक्त्यांनी सगळे सांगून टाकले आहे. त्यात आम्ही भर घालत नाही. आम्हाला उभे केले आहे ते जुन्या गाडीवर बोलायला. कोणी म्हणेल, मेळाव्यात मिस्त्रीकामाचे काय काम? काम आहे. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता आणि ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. भाव दिल्लीत ठरतो, ओलावा केंद्रावर मोजला जातो आणि या दोहोंच्या मधे आपल्या खळ्यात उभी असते सकाळी स्टार्ट न होणारी गाडी. भाव मिळायचा की नाही हे पुष्कळदा तीच ठरवते.

आमचेच सांगतो. आम्ही चार घरांनी मिळून एक जुनी ४०७ घेतली. ही गाडी १९८६ साली बाजारात आली, आणि तेव्हापासून खेड्यातला निम्मा माल तिच्याच पाठीवर आहे असे म्हटले तरी चालेल. आमच्याकडे येईस्तोवर तिने तीन मालक पाहिले होते. शहरात जी गाडी थकते ती तालुक्याला येते, तालुक्यात थकली की जंगलात येते. ‘इंडिया’ने वापरून टाकलेले ‘भारता’ने चालवायचे, हा आपला जुनाच रिवाज आहे. असो.

दिवाळी झाली, चुरणी झाली, आणि थंडी पडली तशी गाडी सकाळी रुसू लागली. आधी दोन सेल्फ, मग पाच, मग दहा-दहा मिनिटे. मग बॅटरी बसायची आणि पोरे धक्का मारायला यायची. एकदा स्टार्ट झाली की दिवसभर काही तक्रार नाही. आम्ही ती एका गॅरेजला नेली. मिस्त्रीने दोन सेल्फ मारले आणि सांगितले, पंप गेला. पंप उतरला, दुरुस्तीला दुसऱ्या गावी गेला, नऊ दिवसांनी आला, एकोणीस हजार रुपये घेऊन आला. त्या नऊ दिवसांत दोन रात्री अवकाळी पाऊस पडला. ताडपत्री एक आणि पोत्यांच्या थप्प्या दोन. खालचा थर भिजला. केंद्रावर काटा सतराच्या वर गेला आणि धान परत आले. मग व्यापाऱ्याने सांगितला त्या भावात दिले, कारण ओले धान घरात ठेवले तर कोंब फुटतात.

आणि गाडी? पंप बसवल्यावर दोन दिवस एका सेल्फात स्टार्ट झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी आमच्या बाजूच्या बंगाली कॅम्पातले एक म्हातारे मिस्त्री, त्यांना आम्ही सगळे दादाच म्हणतो, ते आले. त्यांनी पान्हा हातात घेतलाच नाही. आधी तीन प्रश्न विचारले. गाडी कधी स्टार्ट होत नाही, सकाळी की गरम असताना? सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, आणि कोणता? फीड पंपाचा हातपंप दाबला तर हाताला कसा लागतो? आम्ही चौघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. गाडीचे मालक आम्ही, हप्ते आम्ही भरलेले, पण तिच्याबद्दल सांगायला आमच्याजवळ ‘स्टार्ट होत नाही’ यापलीकडे शब्द नव्हता. दवाखान्यात जाऊन नुसते ‘बरे नाही’ म्हणायचे आणि डॉक्टरने पोट फाडले की तक्रार करायची, तसे झाले. गॅरेजवाला चोर होता असे आम्ही म्हणत नाही. त्याला पंप खोलता येत होता, त्याने पंप खोलला. आम्ही काहीच विचारले नाही, ही आमची चूक.

दोष निघाला टाकीकडून फीड पंपाकडे येणाऱ्या हातभर रबरी पाइपात. क्लिपेच्या खाली रबर तडकले होते. पाइप आणि दोन क्लिपा मिळून दोनशे रुपये लागले नाहीत.

आता हे कसे कळले, आणि तुम्हाला कसे कळेल, ते सांगतो.

डिझेलच्या इंजिनाला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सतरा-अठरा पटींनी दाबली जाते, दाबल्याने ती तापून लाल होण्याजोगी होते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला की तो पेट घेतो. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, हवा दाबली गेली पाहिजे, आणि फवारा वेळेवर व जोराने उडाला पाहिजे. फवाऱ्यासाठी गाडीत दोन दाब आहेत. एक लहान, एक मोठा. लहान दाब फीड पंपाचा. तो टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाला पोचवतो, एक-दीड किलोच्या आसपास. मोठा दाब मोठ्या पंपाचा. तो नोझलपर्यंत दोनशे किलोच्या वर जातो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मिस्त्री मोठ्या दाबाकडे बघतात, कारण पैसा तिथे आहे. पण जुन्या गाडीचा रोग फार वेळा लहान दाबाच्या बाजूला असतो, टाकी ते फीड पंप या तुकड्यात.

आपल्या गावची हापशी आठवा. तिच्या पाइपला वर कुठे भोक पडले किंवा वायसर झिजला की रात्रीतून पाणी खाली उतरते. सकाळी पहिली बाई वीस दांडे मारते तेव्हा पाणी येते, आणि मग दिवसभर एका दांड्याला धार. गाडीचे अगदी तसेच आहे. टाकी खाली, पंप वर. मधल्या पाइपात केसाएवढी फट असली की रात्रभर डिझेल टाकीकडे परत उतरते आणि त्याची जागा हवा घेते. सकाळी मोठ्या पंपात डिझेलऐवजी बुडबुडा. डिझेल दाबून लहान होत नाही, हवा होते. प्लंजर नुसता बुडबुडा दाबतो आणि सोडतो, नोझल उघडतच नाही.

यातली फसवी गोष्ट ही, की अशा फटीतून बाहेर डिझेल गळताना दिसत नाही. त्या बाजूला ओढ असते, दाब नसतो. हवा आत जाते, थेंब बाहेर येत नाही. आम्ही गाडीखाली दहा वेळा वाकून पाहिले होते, ‘गळती नाही’ म्हणून खात्रीने सांगत होतो. फार तर त्या क्लिपेवर धूळ जरा ओलसर चिकटलेली असते. तीच खूण.

तेव्हा सुरुवात कुठून करायची? आधी बॅटरी, कारण ते फुकटात होते. सेल्फ आळसावल्यासारखा फिरत असेल तर हवा तापणारच नाही, बाकी सगळे ठीक असूनही. ४०७ सारख्या १२ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना मीटरचा काटा साडेनऊच्या खाली जाऊ नये. मोठ्या ट्रकांत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात, तिथे दुप्पट धरा. बॅटरीचे टोक पांढरे झाले असेल तर गरम पाण्याने धुवा, आणि चेसिसला जाणारी जाड अर्थिंगची वायर घट्ट करा.

मग सायलेन्सरकडे एकाला उभे करा. सेल्फ जोरात फिरतो आहे आणि धूर मुळीच नाही, याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. अशा वेळी नोझल, व्हॉल्व्ह, रिंगा यांचे नाव काढणाऱ्याला हात जोडा. पांढरा-भुरा धूर येतो आहे आणि गाडी पकडत नाही, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. मग दोष थंडीचा, कमी दाबल्या जाणाऱ्या हवेचा, चुकलेल्या टायमिंगचा किंवा थेंब टाकणाऱ्या नोझलचा असू शकतो. ही एक गोष्ट पाहायला दोन मिनिटे लागतात आणि अर्धा रोग वेगळा होतो. आमच्या गाडीला धूर नव्हता. नऊ दिवस आणि एकोणीस हजार रुपये या दोन मिनिटांत वाचले असते.

धूर नसेल तर फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारा. फेस येईल, बुडबुडे येतील, मग बुडबुडे नसलेली धार येईल. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. आता हातपंप कडक झाला पाहिजे. आणि आता गाडी एका सेल्फात स्टार्ट झाली तर मोठा पंप ठीक आहे, हवा शिरते कुठून ते शोधायचे राहिले. पंप दुरुस्त होऊन आल्यावर आमची गाडी दोन दिवस चांगली का चालली ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. पंप बसवताना मिस्त्रीने हवा काढली होती, एवढाच तो गुण. हातपंप कितीही मारला तरी पोकळ लागत असेल तर फीड पंपाचे आतले लहान व्हॉल्व्ह बघायचे. त्यात बारदान्याचा एक धागा अडकला तरी तो डिझेल धरत नाही.

हवा शोधायची दादांची पद्धत आम्हाला फार आवडली. गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी आणली. फीड पंपाच्या तोंडाशी जुन्या पाइपाऐवजी ती जोडली आणि दुसरे टोक टाकीच्या पाइपाला. गाडी चालू केली तर नळीतून बुडबुड्यांची माळ येताना डोळ्यांनी दिसली. मग नळीचे दुसरे टोक टाकीपासून सोडवून एका स्वच्छ डब्यात टाकले, डबा पंपापेक्षा उंच टांगला, हवा काढली, आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी एक सेल्फ. म्हणजे डब्यापासून पुढे सगळे निर्दोष, डब्याच्या आधी म्हणजे टाकीकडे दोष. याला शिक्षण लागत नाही. शेतात पाट कुठे फुटला ते आपण असेच शोधतो, अर्ध्यावर जाऊन बघतो की पाणी इथपर्यंत येते का. मात्र ती नळी कायमची ठेवू नका, डिझेलने ती कडक होऊन तडकते.

टाकीपाशी पोचलात की रबरी पाइप, क्लिपा, आणि जोडावरचे तांब्याचे वायसर बघा. वायसर जुनाच परत बसवण्याची आपली सवय वाईट आहे. नवा वायसर चहापेक्षा स्वस्त. टाकीत आत ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी जाळी असते. तिच्यात पालापाचोळा, बारदान्याची तूस आणि पावसाळ्यात पाण्यामुळे धरलेला बुळबुळीत साका असतो. आणखी एक गंमत या जंगल भागातली. टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक लहान भोक असते. हंगाम नसताना गाडी उभी राहिली की कुंभारीण माशी त्यात माती भरते. मग गाडी स्टार्ट होते, दोन-तीन मैल जाते आणि दम कोंडून बंद पडते. झाकण उघडले की फुस्स असा आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालते. एका काडीचे काम. यासाठी फीड पंप बदललेला माणूस आमच्या माहितीत आहे, तो समोरच बसला आहे, नाव सांगत नाही.

टाकीकडे सगळे बरोबर असेल तर मोठ्या पंपावरून टाकीकडे परत जाणाऱ्या वाटेवर एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे, तो बघायचा. त्याची स्प्रिंग लुळी झाली की लहान दाब धरतच नाही, आलेले डिझेल सरळ परत जाते. फिल्टरनंतर मीटर लावून पाहिले तर काटा किलोच्या खाली लोळतो. हा व्हॉल्व्ह स्वस्त आहे आणि बहुतेक मिस्त्री त्याच्याकडे बघत नाहीत.

आता उलटा रोग. काही गाड्या सकाळी थंडीत ठणठणीत स्टार्ट होतात, पण दुपारी माल उतरवून परत निघायच्या वेळी, गरम असताना, सेल्फला दाद देत नाहीत. हे मात्र मोठ्या पंपाचे लक्षण आहे. प्लंजर झिजले की गरम, पातळ झालेले डिझेल त्यांच्या बाजूने निसटते आणि सेल्फच्या कमी वेगात दाब तयार होत नाही. याची परीक्षा सोपी आहे. ओले फडके पंपावर गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटे थांबा. मग स्टार्ट झाली तर पंप खरोखर झिजला आहे, पैसे बाजूला काढा. फडकेच वापरायचे, बादली ओतायची नाही. तापलेल्या पंपावर एकदम थंड पाणी पडले तर प्लंजर जाम होतो.

पंप झिजतो कशाने? पाण्याने, धुळीने आणि भेसळीने. पंपाला वंगण डिझेलचेच असते. त्यात रॉकेल मिसळले की वंगण गेले. या भेसळीच्या धंद्यात किती पैसा आहे हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले, मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले गेले तेव्हा. आपण गावातल्या दुकानातून बाटलीने, डबकीने डिझेल घेतो, त्यात काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते. पेट्रोल पंपावर घनता मोजून दाखवा, पाच लिटरच्या मापाने मोजून द्या असे म्हणण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. आपण म्हणत नाही, कारण मागे रांग लागलेली असते.

आणखी एक. १ एप्रिल २०२० पासून देशभर फार कमी गंधकाचे डिझेल मिळते, दहा लाख भागांत १० भाग. हवेला ते चांगले. पण जुन्या गाडीची रबरे जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली असतात, नव्याने ती आकसू शकतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९९३ साली डिझेल बदलले तेव्हा जुन्या गाड्यांचे पंप रबरी सीलपाशी गळू लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तेव्हा जुनी गाडी असेल तर रबरी पाइप आणि सील तडकायची वाट न बघता बदलून टाका.

आता दोन गोष्टी करू नका. थंडीत हवेच्या फिल्टरपाशी पेटता बोळा धरून किंवा चेंबरखाली जाळ करून गाडी स्टार्ट करणारे पुष्कळ आहेत. खळ्यात तणसाचे ढीग आहेत, पोती आहेत, एका ठिणगीचे काम आहे. गाडीला रोज बोळा लागत असेल तर तो आजार आहे, सवय नव्हे. दुसरी, नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. दोनशे किलोच्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते. वरून सुई टोचल्याएवढे दिसते, दुखतही नाही फारसे, पण आतले मांस मरते आणि बोट किंवा हात कापायची पाळी येते. असे झाले तर हळद लावून बसू नका, त्याच घटकेला अहेरी नाहीतर गडचिरोली गाठा. आणि २०२० नंतरच्या नव्या गाड्यांच्या पाइपाला पान्हाच लावायचा नाही. तिथे दाब दीड हजार किलोच्या पुढे असतो. आम्ही सांगितले ते सारे जुन्या गाड्यांचे आहे.

जुनी गाडी विकून नवी घ्या असे सांगणारेही असतात. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या व्यापारी गाड्यांची फिटनेसची फी कितीतरी पटींनी वाढली. जुनी गाडी ठेवणे हा जणू गुन्हा आहे. धानाला भाव मिळाला असता तर आम्हीही नवी घेतली असती, हौस म्हणून कोणी पहाटे धक्का मारत नाही. तोपर्यंत जी आहे ती आपल्याला कळली पाहिजे.

बोलणे पुरे. आमची गाडी मागच्या पटांगणात उभी आहे, काल संध्याकाळपासून तिला कोणी हात लावलेला नाही. दादा आले आहेत. चहा झाला की १७ आणि १९ चे पान्हे ज्यांच्याजवळ असतील त्यांनी ते घेऊन तिकडे यावे, गवंड्याची नळी आम्ही आणली आहे. एके ठिकाणी आम्ही मुद्दाम हवा शिरू दिली आहे. कुठे, ते सांगणार नाही. मायबहिणींनीही यावे, हापशीचे दांडे तुम्हीच मारता, तुम्हाला आधी सापडेल.